पहिला घाणा

ग्वाल्हेरच्या नया बाजारात कचोऱ्या तळणाऱ्या त्या काकूंचं नाव मी कधी विचारलं नाही. पहिला घाणा त्या विकत नसत. समोर जो भुकेला दिसेल त्याला देत. परवा रस्ता रुंद करायचा म्हणून पालिकेच्या मजुरांनी त्यांचा ठेला उचलून नेला. काल सकाळी पाहतो तर तिथेच, फुटपाथवर, उसन्या कढईत तेल तापलेलं! आणि पहिला घाणा चालला होता ठेला उचलणाऱ्या त्याच मजुरांच्या हातात. मी भडकलोच. "काकू, ह्यांना?"

पदराने कपाळ पुसत त्या म्हणाल्या, "भैया, भूक तर ह्यांनाही लागते ना! अन् ठेलाच नेला, माझे हात थोडेच नेले?"

दुसऱ्या घाण्याला गिऱ्हाइकांची रांग कोपऱ्यापर्यंत गेली. काकूंच्या डोक्यावर सावलीला ताडपत्री बांधत होते, तेच मजूर.