नॉट ॲट होम

आमच्या घरात दोन माणसांचं आयुष्य पत्त्यांत गेलं. बाबा पोस्टमन होते, त्यांचं लोकांचे पत्ते शोधण्यात गेलं. धाकटा भाऊ इंजिनिअर झाला आणि दुसऱ्या पत्त्यांना लागला. तो ऑनलाइन पोकर खेळतो. गंमत म्हणून नाही, पोटासाठी. रत्नागिरीत कुणी विचारलं तर आई 'कॉम्प्युटरवर काम करतो' एवढंच सांगते, आणि ते काही खोटं नाही. बाबा तेवढंही सांगत नाहीत.

तिकडे भारतात आधी त्याच्या जिंकण्यावर तीस टक्के कर लागला. त्यावर त्याने भरपूर कुरकुर केली. मग कायदाच आला, पैशाचे ऑनलाइन खेळ बंद झाले, आणि कुरकुर करायलाही काही उरलं नाही. त्याच आठवड्यात त्याचा मला शारजाला फोन.

"ताई, मी तिकडे शिफ्ट होतोय. यूएईत पर्सनल इन्कम टॅक्स झिरो आहे. झिरो, ताई!"

जणू मला माहीतच नाही. मी दुबईत रास अल खोरला गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे अकाउंट्स बघते. ज्या देशाला सगळं जग टॅक्स-फ्री म्हणतं, त्या देशात माझं पोट टॅक्सवर चालतं. व्हॅट आहे, कंपन्यांचा कर आहे, आणि रिटर्न भरायला उशीर झाला तर दंडही आहे. पण फोनवर यातलं मी काही बोलले नाही. "ये," म्हटलं, "आधी ये तर खरा." त्याचा खेळ, त्याचा कर, काही म्हणजे काही माझ्या डोक्यात आलं नाही. आपलं माणूस येणार, एवढंच आलं.

इथे माणसांना तोटा नाही. अल मजाजच्या आमच्या टॉवरची लिफ्ट खाली पोचेपर्यंत चार भाषा कानावर पडतात. पण माझ्या लहानपणची गोष्ट जिला पहिल्यापासून सांगावी लागत नाही, अशी एकही व्यक्ती नाही. नवरा गुणी आहे, पण तो नागपूरचा. त्याला बरका फणस आणि कापा फणस यांतला फरक मी लग्नापासून समजावतेय आणि तो अजून 'दोन्ही फणसच ना?' म्हणतो. मुलगी आठवीत. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. "भात वाढू का अजून?" "आय ॲम गुड, आई." तू गुड आहेस ते मला माहीत आहे, बाई, भाताचं बोल.

भाऊ व्हिजिट व्हिसावर आला. एका बॅगेत दोन स्क्रीन, एक कीबोर्ड आणि वायरींचं भेंडोळं. दुसऱ्या बॅगेत आईने दिलेली कोकमं, कुळथाचं पीठ आणि आमच्या घरचा जुना पत्त्यांचा जोड. त्यात चौकटची तिर्री कधीच हरवली होती. तिच्या जागी बाबांनी पोस्टकार्डाचा तुकडा कापून घातला होता, तोही होता. पाठीमागून बघितलं की तिर्री कुणाकडे आहे ते सगळ्यांना कळायचं, तरी आम्ही न कळल्याचं सोंग करून खेळायचो.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर त्याने पत्ते पिसले आणि म्हणाला, "चला, नॉट ॲट होम."

मे महिन्याच्या सुट्टीत ज्याने हा खेळ खेळला नाही असं मराठी पोर मला अजून भेटायचं आहे. समोरच्याकडे नेमका पत्ता मागायचा. असेल तर त्याने मुकाट्याने द्यायचा, नसेल तर 'नॉट ॲट होम' म्हणायचं आणि पाळी त्याच्याकडे. असून नाही म्हटलं तर डाव बाद. आमची आजी इंग्रजीचं अक्षर जाणत नव्हती, पण 'नाटॅटोम' असं ठणकावून सांगायची. तेवढे तीन शब्द अख्ख्या कोकणात कुणी मराठीत बोलत नाही.

मुलीला खेळ आवडला. तिचं इंग्रजी मात्र जागचं हललं नाही. "मामा, डू यू हॅव किलवर गुलाम?" "मामा, बदाम सत्ती प्लीज." पण मी कान टवकारले. दुर्री, पंजी, छक्की, नव्वी, दश्शी. जे शब्द मी इतक्या वर्षांत तिच्या तोंडात घालू शकले नव्हते, ते तिचा मामा एका रात्रीत घालून गेला होता. मग रोज संध्याकाळी जेवणाआधी एक डाव ठरूनच गेला. एकदा तर ती शाळेतून आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "व्हेअर इज मामा? आय वॉन्ट टू पिसणं." मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. हा माणूस आता इथून हलता कामा नये, असं मला तेव्हा फार वाटलं.

त्याने हलू नये म्हणून त्याला इथलं काहीतरी कागदावर हवं होतं. स्वतःची छोटी कंपनी काढायची, तिच्यावर व्हिसा घ्यायचा, असा त्याचा बेत. अजमानला स्वस्तात काम करून देणारा एक एजंट त्याने शोधला होता. मीही बरोबर गेले. एजंटने आधी दोन-दोन दिरहमचे करक, म्हणजे इथले कडक, चहा मागवले. भाऊ माझ्या कानात म्हणाला, "म्हणजे जवळजवळ पन्नास रुपयांचा एक कप!" नवीन माणूस इथे पहिले काही महिने चहासुद्धा रुपयांत पितो.

"बिझनेस ॲक्टिव्हिटी क्या लिखूँ?" एजंटने विचारलं.

"पोकर," भाऊ म्हणाला.

एजंट उठला, केबिनचं दार लावून आला, आणि आवाज उतरवून म्हणाला, "भाई, ये लफ्ज इधर नहीं बोलने का. हम लिखेगा गेमिंग कन्सल्टन्सी. खलास."

"और बँक पूछेगा पैसा किधर से आया, तो?" मी विचारलं.

"इन्शाल्ला नहीं पूछेगा, मॅडम."

मी पर्स उचलली. बाहेर गाडीत बसल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, तू उगाच तडकतेस. तो बिचारा हेल्प करत होता." मी म्हटलं, "अरे, मी इथले रिटर्न भरते. त्यात इन्शाल्लाचा कॉलम नसतो." अजमानहून शारजाला परत येताना ट्रॅफिक इतका तुंबला होता की भांडण करायला भरपूर वेळ मिळाला, पण आम्ही दोघंही गप्प बसलो.

गप्प बसण्याचं माझं कारण वेगळं होतं. खरं उत्तर मला तो आल्यापासून ठाऊक होतं. त्याने फक्त टॅक्सचं विचारलं होतं, आणि टॅक्सचं उत्तर तो म्हणत होता तेच होतं. पुढचा प्रश्न त्याने विचारला नव्हता. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस मी ऑफिसातही नाही. आणि इथे तर उत्तर दिलं की तो जाणार होता.

त्या संध्याकाळी डाव मांडला. मुलगी आणि नवरा एका बाजूला कुजबुजत होते. भावाची पाळी आली. त्याने माझ्याकडे पत्ता मागितला नाही. पत्ते उपडे ठेवले आणि विचारलं, "ताई, सरळ सांग. मी इथे राहून खेळू शकतो की नाही? तुला माहीत आहे."

माझ्या जिभेवर आलं होतं: नॉट ॲट होम. तेवढं म्हटलं असतं तर तो आणखी काही महिने राहिला असता. पण असून नाही म्हटलं तर डाव बाद, हे आम्हाला शाळेच्याही आधी शिकवलेलं.

"टॅक्स शून्य आहे, ते खरं," मी म्हटलं. "पण तुझा खेळच इथे चालत नाही. परवान्याशिवायचा जुगार इथे गुन्हा आहे. घरात बसून, बाहेरच्या साइटवर, व्हीपीएन लावून खेळलास तरी गुन्हाच. सापडलास तर दंड, तुरुंग, वर हाकलून देतील. मग शून्य टक्के कशाचे? शून्याचे!"

"सगळे खेळतात, ताई."

"सगळ्यांची ताई मी नाही."

तो जरा वेळ पत्त्यांच्या कडा जुळवत बसला. मग हसला, पण नेहमीचं नाही. "म्हणजे तिथे टॅक्स होता तेव्हा खेळ होता. इथे टॅक्स नाही तर खेळ नाही."

"आणि दोन्ही सोडून कुठेच कर न भरता हिंडायचं म्हणशील, तर आपल्याकडे त्याचाही नियम आहे," मी सांगितलं. "भारतातलं उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर गेलं आणि जगात कुठेच तुला कर लागत नसला, तर भारत म्हणतो, हा आमचाच."

"म्हणजे आईसारखंच," तो म्हणाला. "बाहेर कुठे जेवला नाहीस ना? मग ये, पान वाढते."

नवऱ्याने तेवढ्यात विचारलं, "डाव पुढे चालवायचा की भावा-बहिणीने मिळून मोडायचा?" सगळे हसले. मुलीने माझ्याकडून बदाम दश्शी मागून घेतली आणि डाव जिंकला.

पुढचं भावाने स्वतः शोधलं, आणि या वेळी दोन्ही प्रश्न विचारून. युरोपातला एक लहानसा देश त्याला सापडला. तिथे खेळाला परवाना आहे, आणि त्याच्यासारख्याला कर आहे, चांगला घसघशीत. मी कागद वाचून दिले. कुठे किती दिवस राहिलं की माणूस कुठला ठरतो, ते तीन वेळा समजावलं. भाषा न कळणाऱ्या गावात हा एकटा काय खाईल याची काळजीही केली, पण ती मनात. तो मात्र खुशीत होता. "समुद्र आहे, ताई, आणि मासे मिळतात," म्हणाला. माणूस रत्नागिरीचा असला की त्याचा देश निवडायचा नियम हाच.

बाबांना फोन लावला तेव्हा मी स्पीकर चालू ठेवला. मला वाटलं ऐकून घ्यावं लागेल. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथे कर भरणार आहे?"

"हो, बाबा. त्याच्या नावाने."

"मग बरं," बाबा म्हणाले. "सरकारकडे नोंद असलेला माणूस पोस्टमनला सापडतो." पत्त्यांबद्दल, म्हणजे भावाच्या पत्त्यांबद्दल, ते आयुष्यात पहिल्यांदा इतकं बरं बोलले होते. भावाने डोळे पुसले आणि वायर सापडत नाही म्हणून खोलीत निघून गेला.

तो गेला त्या दिवशी मुलीने विमानतळावर त्याला मिठी मारली आणि म्हणाली, "कम बॅक सून, मामा." पत्त्यांचा जोड तो तिच्याकडे ठेवून गेला. घरी येताना मी खूप रडले. नवऱ्याने गाडी खालिद लगूनच्या कडेने दोनदा फिरवली. फणसाचं त्याला कळत नसलं तरी हे कळतं.

पुढच्या रविवारी मुलीने आपण होऊन पत्ते काढले. तिघांत हा खेळ तितका रंगत नाही, पण बसलो. मी अडकले होते. इस्पिकची राणी हवी होती. हातातले पत्ते निरखत, सवयीने उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून विचारलं, "इस्पिकची राणी आहे का रे?"

नवऱ्याने मान वर केली. मुलगी मात्र आपल्या पत्त्यांतच बघत होती. तिने तशीच, हळू आवाजात सांगितलं, "आई, मामा घरी नाहीये."