उदयने अंगावर घेतलेला खून

नीलिमावहिनींचा फोन आला तेव्हा मी फ्रँकफर्टला एस-बान लोकलमध्ये उभा होतो. "भाऊजी, हे गेले…" एवढंच म्हणाल्या. समोरच्या जर्मन आजींनी न विचारता उठून मला जागा दिली. त्याला आता दीड महिना झाला.

वहिनींचा नवरा, माझा मित्र उदय, न्युरेम्बर्गला गिअरबॉक्सचं डिझाइन करायचा, पण जीव जडला होता एका फ्रेंच रहस्यकादंबरीवर. पुण्यात शिकलेल्या फ्रेंचच्या जोरावर तिचं मराठी भाषांतर करायला त्यानं तीन वर्षं घेतली. ताडून बघायला जर्मन भाषांतर आणलं, आणि एके दिवशी मला ऑफिसात फोन. "सूप गाळलंय रे त्यानं! अख्खं अर्धं पान! मरणाऱ्या बाईचं शेवटचं जेवण, आणि हा खुशाल गाळतो!"

पुढे तिथल्या मराठी मंडळासाठी त्यानं त्या कादंबरीचंच नाटक केलं. तो इन्स्पेक्टर, मी डॉक्टर… म्हणजे खुनी. नेमके तेव्हाच माझे सासरे साताऱ्याहून आलेले. पहिल्या रांगेत बसले. मध्यंतरात मी उदयला गाठलं. "सासऱ्यांसमोर मी बायकोला विष घालणार नाही."

"अरे, कादंबरीत तसंच आहे!"

"लेखकाचे सासरे समोर बसले नव्हते."

"आल्झो… बरं तर," तो म्हणाला आणि स्टेजवर गेला. शेवटी सगळ्यांना ओळीनं उभं करून प्रत्येकापाशी थांबला, माझ्यापाशी जरा जास्तच, आणि म्हणाला, "पुरावे तपासले. खून मीच केला." स्वतःलाच बेड्या घातल्या. किल्ली काही सापडेना, म्हणून नंतर वहिनी त्याला पुलाव भरवत होत्या. सासरे म्हणाले, "जावईबापू, शोभलात. तो इन्स्पेक्टर मात्र मला पहिल्यापासून बरा वाटत नव्हता!" तीन वर्षं ज्यानं स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही, त्यानं माझ्यासाठी खुनी बदलला. मी माफी मागितली, तर म्हणाला, "सूप ठेवलं ना? झालं तर."

परवा त्याच्या घरी गेलो. त्याची लेक इरा, मराठीला जन्मभर जर्मनमध्ये उत्तर देणारी, त्याच्या टेबलाशी त्याची वही घेऊन बसली होती. त्याच्या मराठीवरून ती आता जर्मन करते आहे.

"काका, प्रेत बघून इन्स्पेक्टर 'च्यायला' म्हणतो. वास हाइस्ट दास?"

अर्थ विचारल्यावर मी गडबडलो. "मूळ फ्रेंच बघ ना."

"बघितलं. तिथे तो गप्प आहे."

म्हणजे तो शब्द उदयनं पदरचा घातला होता. मग इरानं जर्मन अक्षरांत तो शब्द तसाच लिहिला, आणि हळूच म्हणून पाहिला… 'च्या'वरचा जोर थेट उदयचा होता.