दादाने न पुसलेले फोटो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर मी डब्यातली चकलीसुद्धा लपवू शकत नाही.

मोठा कॅमेरा कशाला घेतलास, असं कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असायचं. छोट्या कॅमेऱ्याचं बटण आत्ता दाबावं, तर फोटो निघेपर्यंत माणूस मान वळवतो. दिव्यांच्या उजेडात चेहरे भुतासारखे येतात. बाबांचं सहस्रचंद्रदर्शन जवळ आलेलं — एक्याऐंशी दिव्यांनी औक्षण, तिथे फ्लॅश मारायचा का? सगळं खरंच होतं. पण त्याहून खरं सांगू? गळ्यात मोठं भिंग असलं की लोक बाजूला होतात. कारकून माणसाला एरवी कोण वाट देतं?

बुधवार पेठेतून कॅमेरा आणला. समारंभाच्या आदल्या दिवशी दादाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, कॉम्प्युटरवर त्याच्या मांजराचे चाळीस फोटो उतरवले. सराव!

औक्षणाच्या वेळी दादा आपला छोटा कॅमेरा घेऊन पुढे आला. एक फोटो काढला असेल-नसेल. "दादा, तो डबा ठेव ना आत. फ्लॅश पडतो मध्ये."

"बरं साहेब," तो हसून म्हणाला आणि कॅमेरा खिशात ठेवला.

मी काढत राहिलो. मागच्या पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही — खरा फोटोग्राफर भिंगातूनच बघतो, असं मीच सगळ्यांना ऐकवलं होतं ना! संध्याकाळी दादाकडे बसून कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. आत कार्डच नव्हतं. ते कालपासून त्याच्या कॉम्प्युटरमध्येच होतं.

तेवढ्यात दादा मागे येऊन उभा राहिला. आणि मी — मी काय म्हणावं?

"आल्या आल्या फोटो उतरवले होते मी इथे. नंतर तू काही दाबलंस का?"

"सनई लावली फक्त... त्यात पुसले गेले का रे?"

"गेले असतील."

पन्नाशी उलटलेला दादा बाबांच्या पायाशी बसून रडला. "फोटोंचं काय घेऊन बसलास? मी आहे ना," बाबा म्हणाले. दिवाळीआधी ते गेले.

दादाने नंतर कॉम्प्युटरला हात लावला नाही. त्याने काढलेला तो एकुलता एक फोटो त्याच्या भिंतीवर आहे. दिव्यांच्या मागे बाबांचा अर्धा चेहरा. उरलेल्या अर्ध्यावर माझी पाठ.

परवा एका पाहुण्यांनी विचारलं, "हे पाठमोरे कोण?"

"हा आमचा फोटोग्राफर," दादा म्हणाला. "फार सुंदर काढले होते हो याने. माझ्याच हातून गेले."

मी शेजारीच बसलो होतो. हातात चहा होता. तो मी संपवला.