बाप बरा हाय

माझी नात संगणकावर काम करते. मागं सुट्टीला आली तेव्हा विचारलं, बाई, दिवसभर करतेस तरी काय? म्हणाली, यंत्राला काळ्या पडद्यावर तुटक हुकूम टाईप करावे लागतात, एक अक्षर चुकलं की ते रुसतं. म्हणून मी त्या हुकमांना प्रोग्रॅमच्या सोप्या भाषेचं वेष्टन घालते. लोकांनी सोपं सांगायचं, आत तुटका हुकूम आपोआप जातो. म्हटलं, हात्तिच्या, मग सत्तरच्या दशकात मी मंठ्याला दुसरं काय करत होतो?

मी तिथं तारमास्तर होतो. खिडकीशी माणूस आपल्या बोलीत पाल्हाळ लावायचा, मी त्याचे दोन-चार इंग्रजी शब्द करून कट्टकट्ट पुढं धाडायचो. आत काय गेलं ते त्याला कळायचंच नाही, आणि त्याचीच मला ऐट. गाढवपणा, दुसरं काय.

एकदा वाटूरच्या रस्त्यावरच्या खेड्यातली एक मावशी आली. लेक नागपूरला मिलमध्ये होता. म्हणाली, “लिवा मास्तर, बहिणीची सुपारी फुटली, बाप बरा हाय, तू जल्दी ये.” मी तेवढ्याचं केलं, ‘स्टार्ट इमिजिएटली’, ताबडतोब नीघ. आता आमच्याकडं अशी तार म्हणजे घरातलं कुणीतरी गेलं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाच तेवढं सुचलं नाही.

चौथ्या दिवशी मावशी पुन्हा खिडकीशी उभी.

“मास्तर, जित्या बापासाठी डोकं भादरून आलं माझं लेकरू. बाप ओट्यावर दोर वळून राह्यला, अन् हे पुढ्यात रडत उभं. काय लिवलं व्हतं तुम्ही?”

मी तारेची नक्कल काढून तिला मराठीतून वाचून दाखवली.

त्या दिवसापासून नेम केला. लिहिलेली तार मराठीतून वाचून दाखवायची, माणूस ‘बराबर’ म्हणेपर्यंत तारयंत्राच्या किल्लीला हात लावायचा नाही. मागची रांग कुरकुरायची, कुरकुरू दे. मावशीच्या तारेचे पहिले शब्द तर ठरूनच गेले, ‘फादर वेल’. बहिणीच्या लग्नाची तारीख असो, तिच्या बाळाची खबर असो, आधी ते. मी वाचलं की मावशी पदर तोंडाला लावून हसायची. फार बरं वाटायचं मला.

दोन-तीन वर्षांनी एका सकाळी ती आली. “लेकाला जल्दी बोलवा,” एवढंच म्हणाली. मी मान वर न करताच कागद ओढला, सवयीनं लिहिलं आणि नेमाप्रमाणं वाचून दाखवलं, “बाप बरा हाय, तू जल्दी ये.”

ती ‘बराबर’ म्हणेना.

“पहिलं तेवढं खोडा, मास्तर,” ती म्हणाली.