काका आणि फिरंग्यांचा धडा

इतिहासाचं पुस्तक आमच्या शेजारच्या काकांइतकं बारकाईनं अख्ख्या गिरीज गावात कुणी वाचलं नसेल. मी तेच शिकवून पगार घेतो, तरी सांगतो. काका ख्रिस्ती, केळीच्या वाडीवाले, सातवी शिकलेले. जून आला की गावातल्या पोरांची पुस्तकं गोळा करून त्यांना खाकी कव्हरं घालून देत, फुकट. त्यात आठवडा जाई, कारण आधी पुस्तक वाचत आणि मगच कव्हर घालत. आमच्या शाळेनं लावलेल्या जोडपुस्तकात फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धड्यापाशी येऊन ते अडकत. इथल्या लोकांना फिरंग्यांनी बाटवलं, असं तिथं होतं. ख्रिस्ती माणसांबद्दल पुस्तकभर तेवढंच.

"मास्तर, आमची वाडी नाय, विहीर नाय, लग्नातला बॅंड नाय. आमच्या वाट्याला तेवढा एकच शब्द," असं ते दर वर्षी ऐकवत आणि मी दर वर्षी मान डोलवत असे. प्रकाशकाला पत्रं लिहून थकले, तेव्हा घरची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी घेऊन स्वतः मुंबईला गेले. तिथल्या साहेबांनी सुकेळी खाल्ली, तोंड भरून नावाजली. पुढच्या वर्षी पुस्तकाचं मुखपृष्ठ बदललं, धडा तोच. सुकेळी कमी पडली असणार म्हणून काकांनी पुन्हा दुप्पट नेली. मी हसायचो. खरं म्हणजे मला कंटाळा आला होता, त्यांच्या पत्रांचा, त्या धड्याचा आणि पोर्शन संपवण्याचाही.

यंदा त्यांची नात माझ्या वर्गात आली. तो धडा तिला मोठ्यानं वाचायला लावू नका, एवढंच मागायला काका घरी आले. मी शब्द दिला.

माझ्या वर्गात हजेरीच्या क्रमानं एकेक परिच्छेद वाचतात. वीस वर्षांची सवय. त्या धड्याच्या दिवशीही मी वह्या तपासत होतो. वाचणारा आवाज मध्येच थांबला. वर न बघताच मी म्हणालो, "हं, पुढे." काकांच्या नातीनं वाचलं, स्पष्ट, न अडखळता. मी मान वर केली तेव्हा सगळा वर्ग तिच्याकडे वळून बघत होता.

संध्याकाळी काकांकडे जाऊन सगळं सांगितलं, माफी मागितली.

"ती तर म्हणाली, तो धडा सरांनी स्वतः वाचून दाखवला," काका म्हणाले.

मला फार लाज वाटली. तेवढ्यात ती चहा घेऊन आली, कप माझ्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेली.