नागेश मारकडची पाठ

निरवांगीच्या नागेश मारकडला माणसांची शिसारी आली होती, आणि ती उगाच आली नव्हती. पायदळातला हवालदार, पंधरा वर्षं भरायला थोडेच महिने राहिलेले. पंधरा भरली की पेन्शन पक्की, हे पलटणीतल्या आचाऱ्यालाही ठाऊक असतं. नेमकी तेव्हाच त्याची पाठ बसली. कमरेतली गादी सरकली, डावा पाय बधिर झाला, बुटाची नाडी दुसऱ्यानं बांधून द्यावी लागे. असा माणूस पलटणीला नको असतो. त्याला मेडिकल बोर्डापुढं उभं केलं.

बोर्ड म्हणजे तीन डॉक्टर. माणूस ठेवायचा की घरी पाठवायचा हे ते ठरवतात, आणि घरी पाठवायचा तर दुखणं नोकरीतलं की घरचं, हेही तेच लिहितात. नोकरीतलं ठरलं तर पंधरा भरली नसली तरी जन्मभराची पेन्शन. घरचं ठरलं तर काहीतरी तुटपुंजं हातावर टेकवायचं आणि रामराम. नागेशचं सगळं या एका शेऱ्यावर येऊन ठेपलं होतं.

खरं काय ते त्याला माहीत होतं. वरच्या चौकीवर रॉकेलचा कॅन पाठीवर घेऊन चढताना तो बर्फावरून घसरला आणि खडकावर आपटला. उठला, कॅन पोचवला आणि गप्प बसला. हवालदारकी अगदी तोंडावर आली होती. दवाखान्यात नाव लागलं की तब्येतीची कॅटेगरी खाली येते आणि बढती दुसऱ्याला जाते. त्याच्या सुभेदारानंच कानात सांगितलं होतं, "अभी मुँह बंद रख." नागेशनं तोंड बंद ठेवलं. बढती मिळाली. दुखणं मात्र तो सुट्टीत घरी घेऊन आला.

घरी बाप म्हस्कू. सगळी उमर मेंढरांमागं कोकणापर्यंत हिंडलेला धनगर, आता चार मेंढ्या आणि थोडा ऊस सांभाळणारा. मेंढरू लंगडलं की विळा तापवायचा आणि दुखऱ्या जागी डाग द्यायचा, एवढी त्याची डॉक्टरी. निम्मं गावही त्याच्याकडून डागून घ्यायचं. पोरगा भिंत धरून उठतो हे पाहून त्यानं चूल पेटवली. नागेश एवढा देश हिंडलेला, पण बापापुढं मुकाट्यानं सदरा काढून पालथा पडला. कमरेवर दोन डाग बसले. काही दिवस बरंही वाटलं. बरं वाटलं नसतं तर निदान वेळेवर डॉक्टरकडं तरी गेला असता.

बोर्डाच्या दिवशी तिघांतल्या कर्नलनं त्याला पाठमोरं उभं केलं. एमआरआय टेबलावर पडला होता, त्याच्याकडं कुणी बघेना. तिघंही उठून डाग बघायला आले.

"ये क्या है?"

"साब, दाग दिया है. पिताजी ने."

"कब?"

"छुट्टी में."

विचारलं की खरं सांगायचं, ही फौजेची सवय. कर्नल शेजारच्या डॉक्टरला इंग्रजीत काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. जत्रेत दोन तोंडांचं वासरू बघावं तसे ते बघत होते. नागेश चड्डीवर उभा होता आणि ही माणसं आपल्या बापाला हसताहेत, हे कळायला त्याला इंग्रजीची गरज नव्हती. शेरा पडला: दुखणं सुट्टीत घरी सुरू झालं, नोकरीशी संबंध नाही. त्यानं सुभेदाराला फोन लावला. तो म्हणाला, "यार, मुझे तो कुछ याद नहीं आ रहा." ज्याच्या शब्दाखातर तोंड शिवून घेतलं, त्यानं आता स्वतःचं शिवून घेतलं होतं. नागेश फोन ठेवून तिथंच थुंकला.

अपील करायची मुभा होती. तोवर तो गावी आला, तर बातमी आधीच पोचलेली. कालपर्यंत म्हस्कूकडून पाठी डागून घेणारी माणसं आता त्याला चहाच्या टपरीवर ऐकवत होती, "आबा, तुमच्या इळ्यानं पोराची पेन्शन खाल्ली की." म्हस्कूनं टपरीवर जाणंच सोडलं. जेवायला बसला की भाकरी मोडून तशीच ताटात ठेवायचा. एक मेंढी लंगडायला लागली, तरी तो तिच्याकडं फिरकला नाही.

बारामतीत दादासो नावाचे एक गृहस्थ माजी सैनिकांची कामं करून देत. पलटणीत कारकुनी केलेली, त्यामुळं कुठलं दार कसं उघडतं हे तोंडपाठ. त्यांनी पान जमवता जमवता मार्ग काढला.

"खरं सांगून बोर्ड हलत न्हाय, नागेशराव. आपुन डागच जुनं करू. पोट दुखलं की बारक्या पोरांना डागत्यात न्हवं? तसं आबांनी लिहून द्यायचं, ल्हानपणीचं डाग हायत म्हणून. मंग सुट्टीचा विषयच मिटला."

खरं सांगितल्यावर शेरा उलटा पडला, आणि खोटं सांगितलं तर सुलटा पडणार. कसली ही घाण, असं नागेशच्या मनात आलं. तरी त्यानं मान डोलावली, आणि सगळ्यात जास्त किळस त्याला आपल्या त्या मानेची आली.

कचेरीबाहेर नोटरीच्या टेबलावर कागद तयार झाला. म्हस्कू स्वच्छ धोतर नेसून, फेटा बांधून आला होता. दादासोंनी मजकूर वाचून दाखवला. म्हस्कूनं ऐकला, अंगठा उठवला आणि फेट्याच्या शेवाला शाई पुसत पोराला हळूच म्हणाला,

"दिलं लिहून. पर तुला ल्हानपणी डागलं न्हवतं, नागू. म्या इळा तापवला तवा तुजी आय तुज्यावर पालथी पडली. म्हनली, डागायचं तर मला डाग. ती आज आसती, तर तिनं ह्या कागदाला मला हात लावू दिला नसता."

सारजाला, नागेशच्या आईला, जाऊन बरीच वर्षं झाली होती. नागेशनं टेबलावरचा कागद उचलला आणि फाडला.

"अवो, स्टॅम्प वाया गेला की!" दादासो ओरडले. त्यांना तेवढंच दिसलं.

अपिलाच्या बोर्डात नागेशनं चौकी, रॉकेलचा कॅन, सुभेदार, बढती, सगळं पहिल्यापासून सांगितलं. हा कर्नल हसणारा नव्हता. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"दर्द तूने खुद छुपाया?"

"जी साब."

"प्रमोशन के लिए?"

"जी साब."

"फिर हम कैसे मान लें?"

दुपारी निकाल हातात पडला. आधीचा शेरा कायम. वर एक नवी ओळ, की घरी डाग दिल्यामुळं दुखणं वाढलं असावं. कातडीवरचा चटका कमरेच्या मणक्यापर्यंत कसा पोचला, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. नागेशनं कागदाची घडी करून खिशात कोंबली. चौदा वर्षांवरची नोकरी या लोकांनी एका म्हाताऱ्याच्या विळ्यावर ढकलून दिली होती.

फाटकाबाहेर म्हस्कू उन्हातच उभा होता. सावलीत उभं राहायला पहारेकऱ्यानं मनाई केली होती.

"काय म्हनलं?"

"न्हाय मिळत पेन्शन."

म्हस्कूनं फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. मग पुढचं विचारलं.

"माज्या डागापायी?"

निकालाचा कागद नागेशच्या खिशात होता. बापाला अक्षर येत नव्हतं.

"न्हाय आबा. डागाचं नाव सुदिक काढलं न्हाय कुणी. पाठ माजी तितंच गेली हुती, बर्फात."

म्हस्कूनं मोठा श्वास सोडला. कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा सैल झाला.

"मला वाटलंच. गाव कायबी बोलतंय. आरं, म्या काय नवखा हाय व्हय? इळा कसा लालबुंद तापला हुता."

त्या क्षणी नागेशला बापाचाही संताप आला. कर्नल, सुभेदार, दादासो, गाव, सगळ्यांवर ओकायचं होतं ते या म्हाताऱ्यावर ओकून टाकावं असं झालं. शिवी ओठापर्यंत आली होती. ती त्यानं गिळली.

"व्हय आबा," तो म्हणाला, "झ्याक तापला हुता."