नेरिडाने कॉलिनला काय सांगितलं

नेरिडा पास्कोने आणि मी एकोणीस वर्षं एकाच बोटीवर कालवांच्या टोपल्या ओढल्या. ती पन्नाशीची, दणकट, हसली की अख्ख्या धक्क्यावर ऐकू जायची. लग्न केलेलं नाही, कधी कुणाबरोबर राहिलेली नाही. गावात प्रत्येकाकडे याचं कारण होतं. बेकरीवाली म्हणे, प्रियकर समुद्रात बुडाला. पबमधले म्हणत, ती नन व्हायची राहिली.

नेरिडाला यातल्या प्रत्येक गोष्टीची मजा वाटायची. "बुडालेला दिसायला बरा होता का गं?" असं ती बेकरीतच विचारायची.

मग पंप दुरुस्त करणारा कॉलिन हेफरन तिच्या मागे लागला. बायको जाऊन चार वर्षं झालेली, माणूस सरळ. एका दुपारी आम्ही टोपल्या धूत असताना तो धक्क्यावर आला आणि माझ्यासमोरच म्हणाला, "नेरिडा, माझ्याशी लग्न करशील?"

मी उठायला लागले, तर तिने मला खाली बसवलं.

"कॉलिन, तू मला आवडतोस. पण अंथरुणातलं काही मला नको असतं. आज नाही, कधीच नाही."

"कुणी त्रास दिला होता का तुला?"

"नाही रे. पंचविशीत साखरपुडा झाला होता माझा. गुणी मुलगा. पण त्याने जवळ घेतलं की माझं लक्ष घड्याळाकडे. मैत्रिणी म्हणाल्या, होईल सवय. मी म्हटलं, सवय कशाला लावून घ्यायची? अंगठी परत केली आणि इतकं हलकं वाटलं की घरी पळत गेले. कुणी देवासाठी असं राहतं, कुणी दुखावलं म्हणून. मला इच्छाच नाही, आणि मी मजेत आहे."

कॉलिनने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मला मात्र ते हवंय गं. खोटं कशाला बोलू?"

"बरं झालं बोललास. नाहीतर दोघंही तोंड पाडून बसलो असतो."

तीन आठवडे तो फिरकला नाही. "दोस्त गेला बहुतेक," एवढंच नेरिडा म्हणाली. चौथ्या रविवारी तो गळ घेऊन तिच्या दारात हजर. "मासे पकडायला तर येशील?"

"त्याला माझी कधीच ना नव्हती!"

पुढच्या वर्षी कॉलिनने टपाल वाटणाऱ्या डोरीनशी लग्न केलं. साक्षीदार म्हणून सही नेरिडाची. जेवताना डोरीनची मावशी हळहळली, "बिचारी! तुझा नंबर कधी लागणार?"

"मावशी, मी रांगेतच उभी नाहीये," नेरिडा म्हणाली, आणि मावशीचाच हात धरून तिला नाचायला घेऊन गेली.